सोन्याच्या नाण्यावर डाग पडला किंवा रंग बदलला, तर काय तपासावे

सोने हवेत गंजत नाही आणि काळेही पडत नाही, ही समजूत खरी आहे. म्हणूनच कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्याच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत, नीट ठेवलेल्या नाण्यावर एके दिवशी लालसर ठिपका दिसला की मालकाच्या पोटात गोळा येतो. नाणी तपासण्याच्या कामात ही तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्यासोबत दोन प्रश्न ठरलेले असतात: नाणे खोटे तर नाही ना, आणि डाग निघेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरच्या घरी बऱ्याच अंशी मिळते. दुसरा प्रश्न मात्र फार लवकर विचारला जातो. रंग कशामुळे बदलला हे कळण्याआधी नाणे पुसले, तर डागाबरोबर त्याचे कारण सांगणारा पुरावाही जातो आणि वर ओरखडे उठतात ते वेगळेच. खालच्या तपासण्या त्यामुळे अशा क्रमाने दिल्या आहेत की आधी फुकटच्या, मग थोड्या खर्चाच्या, आणि नाण्याच्या पृष्ठभागावर रसायन लावावे लागते ती सगळ्यात शेवटी.

लक्षणे

आपले नाणे पुढीलपैकी कोणत्या वर्णनाशी जुळते ते आधी पाहावे. एकापेक्षा जास्त लक्षणे एकत्र असू शकतात.

- २२ कॅरेटचे नाणे सगळीकडून हळूहळू तांबूस किंवा तपकिरी झाले आहे. खोलगट जागी रंग जास्त गडद आहे.
- २४ कॅरेटच्या नाण्यावर एखाददुसरा केशरी-लाल ठिपका आहे आणि बाकीचे नाणे अगदी नवे दिसते.
- डागाचा आकार बोटाच्या ठशासारखा आहे.
- कडेपासून आतल्या बाजूला जांभळट, निळसर किंवा गुलाबी छटा सरकत आली आहे.
- अक्षरांच्या कडांना हिरवट, किंचित चिकट थर आहे, किंवा सगळ्या नाण्यावर धुरकट पडदा आल्यासारखा दिसतो.
- पांढरा किंवा चंदेरी डाग आहे.
- उठावाच्या सर्वांत उंच भागावर किंवा कडेच्या खाचांवर आतून वेगळाच धातू डोकावतो आहे.

यांपैकी पहिली चार लक्षणे दिसायला वाईट असली तरी क्वचितच गंभीर असतात. पाचव्यावर लवकर हालचाल करावी. शेवटची दोन असतील, तर मधल्या तपासण्यांत वेळ न घालवता थेट ‘कुठे थांबावे’ हा भाग वाचावा.

१. प्रकाश आणि कॅप्सूल

नाणे खरोखर बदलले आहे का, हे सर्वांत आधी पाहायचे. पिवळट दिव्याखाली प्रत्येक सोने तांबूस दिसते आणि निळसर पांढऱ्या दिव्याखाली तेच फिके पडते. दिवसाच्या उजेडात, थेट ऊन टाळून, पांढऱ्या कागदावर नाणे ठेवावे आणि शक्य असल्यास त्याच प्रकारचे दुसरे नाणे शेजारी ठेवून तुलना करावी. त्यानंतर कॅप्सूलचा रिकामा भाग त्याच कागदावर धरून पाहावा. जुने प्लास्टिक पिवळे पडते आणि त्यामागचे नाणे ‘रंग बदललेले’ वाटते. कॅप्सूल बदलताच तक्रार संपते. कॅनडाच्या नव्या मेपल लीफ नाण्यावरच्या किरणांसारख्या बारीक रेषा उजेड विखुरतात, त्यामुळे नाणे तिरपे धरल्यावर पृष्ठभागावर प्रकाशाचे पट्टे सरकताना दिसतात. नाणे फिरवल्यावर रंग जागा बदलत असेल तर तो प्रकाशाचा खेळ आहे. डाग धातूला धरून राहतो आणि नाण्याबरोबर फिरतो.

याच वेळी त्याच कागदावर, त्याच खिडकीपाशी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून ठेवावेत. डाग वाढतो आहे की स्थिर आहे, हे पुढे ठरवायला त्यांच्याइतके दुसरे काहीही उपयोगी पडत नाही.

२. नाणे कशात ठेवले होते

नाणे मऊ, लवचीक पारदर्शक पाकिटात असेल आणि पाकीट उघडताच नव्या रेक्झिनसारखा वास येत असेल, तर ते बहुधा पीव्हीसीचे आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात आणि कालांतराने ती बाहेर पाझरतात. प्लास्टिकचे विघटन होताना हायड्रोजन क्लोराइडही सुटते आणि ते मिश्रधातूतील तांब्यावर क्रिया करते. हिरवा थर सोन्याचा नसून तांब्याचा असतो. म्हणून २२ कॅरेटच्या नाण्यावर तो लवकर दिसतो, तर २४ कॅरेटच्या नाण्यावर बहुधा नुसता धुरकट चिकटपणा राहतो.

पाकीट ठीक असेल तर आजूबाजूला पाहावे. रबर बँडमध्ये गंधक असते. लोकरी फेल्ट, काही प्रकारचा पुठ्ठा, ओकसारख्या लाकडाची पेटी आणि स्वस्त फोमची रिंग यांतून गंधकाची संयुगे किंवा आम्लांच्या वाफा निघत राहतात. कडेपासून आत सरकणारी इंद्रधनुषी छटा बहुधा इथूनच येते, कारण पाकिटाचा किंवा रिंगचा स्पर्श आधी कडेलाच होतो. ही तपासणी फुकट आहे, तरीही बहुतेक लोक ती करत नाहीत आणि धुतलेले नाणे पुन्हा त्याच पाकिटात सरकवतात. डाग परत आला की दोष नाण्याला!

३. नाणे मुळात कशाचे आहे

निम्म्या शंका इथे मिटतात, म्हणून या तपासणीवर थोडे थांबतो.

दक्षिण आफ्रिकेचे क्रुगरँड १९६७ पासून निघते. ते २२ कॅरेटचे, म्हणजे ९१.६७ टक्के सोन्याचे असून उरलेला सगळा भाग तांबे आहे. त्याचा तांबूस रंग जन्मजात आहे. १९८६ पासूनचे अमेरिकन ईगलही ९१.६७ टक्क्यांचेच आहे, पण त्यात ३ टक्के चांदी आणि ५.३३ टक्के तांबे असल्यामुळे ते क्रुगरँडपेक्षा पिवळे दिसते. दोन्हींमध्ये शुद्ध सोने एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅमच असते. ही दोन नाणी शेजारी ठेवून ‘यातले एक खोटे आहे’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात.

ब्रिटनच्या ब्रिटानिया या नाण्याचे प्रकरण आणखी गमतीचे आहे. १९८७ ते १९८९ ची ब्रिटानिया तांबेमिश्रित २२ कॅरेटची, १९९० ते २०१२ ची चांदी मिसळलेली, आणि २०१३ पासूनची ९९९.९ शुद्धतेची. म्हणजे एकाच नावाच्या नाण्याचे तीन वेगळे रंग असतात आणि तिन्ही अस्सल असतात. सॉव्हरिन या जुन्या ब्रिटिश सोन्याच्या नाण्यातही असेच होते. सिडनीच्या टाकसाळीच्या सुरुवातीच्या सॉव्हरिनमध्ये चांदीचे मिश्रण असल्यामुळे ती लंडनच्या तांबेमिश्रित सॉव्हरिनपेक्षा फिकट पिवळी दिसतात.

याउलट मेपल लीफ (१९७९ पासून, आणि १९८२ च्या अखेरीपासून ९९९.९ शुद्धतेचे), व्हिएन्ना फिलहार्मोनिक (१९८९ पासून) आणि अमेरिकन बफेलो (२००६ पासून) ही २४ कॅरेटची नाणी आहेत. त्यांचा सगळा पृष्ठभाग सारखा तांबूस झाला असेल तर ते अपेक्षित नाही आणि त्याचे कारण शोधायलाच हवे. एखादा ठिपका मात्र त्यांच्यावरही पडू शकतो; ते कसे, हे पुढच्या तपासणीत येईल.

२२ कॅरेटच्या नाण्यांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. छाप मारण्याआधी चकत्या तापवून मऊ करतात आणि नंतर आम्लाने स्वच्छ करतात. या प्रक्रियेत वरच्या अतिपातळ थरातील थोडे तांबे निघून जाते आणि पृष्ठभाग आतल्या मिश्रणापेक्षा किंचित जास्त पिवळा राहतो. हाताळून तो थर झिजला की उंच भाग आणि कड तांबूस दिसू लागतात. त्याला मुलामा उडाला असे समजू नये. खऱ्या झिजेत रंग हळूहळू बदलत जातो. मुलामा उडालेल्या जागी मात्र दोन धातूंमधली सीमारेषा स्पष्ट दिसते आणि आतला धातू पितळी, राखाडी किंवा पांढरा असतो.

४. भिंगातून पाहणे

दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. नाणे मऊ कापडावर, हाताच्या तळव्याएवढ्या उंचीवरून पडले तरी चालेल अशा बेताने, कडेला धरावे. बोटांवर पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे असावेत. सुती मोज्यांतून नाणे निसटते आणि त्यांत अडकलेली धूळ ओरखडे पाडते.

२४ कॅरेटच्या नाण्यावरील लाल ठिपका भिंगाखाली बहुधा असा दिसतो: मध्यभागी टाचणीच्या टोकापेक्षाही लहान असा गडद तपकिरी किंवा काळा बिंदू, त्याभोवती विटकरी रंगाचे वर्तुळ, आणि बाहेर जाता जाता केशरी होऊन सोन्यात विरून गेलेली किनार. नाणे तिरपे केल्यावर ठिपक्यातूनही मूळ पृष्ठभागाची चमक दिसते. तिथे खड्डा नसतो आणि फुगवटाही नसतो. कधी कधी हा डाग लांबट असतो आणि धातूचा पत्रा ज्या दिशेने लाटला गेला त्या दिशेने पसरलेला असतो. अशा वेळी कारण नाणे पाडण्याच्याही आधीचे आहे, हे जवळजवळ उघड असते.

असे का होते ते पाहू. टाकसाळीत सोन्याच्या शेजारी चांदी, तांबे आणि पोलाद यांचीही कामे चालतात. पत्रा लाटण्याच्या रुळावरून, ब्रशवरून किंवा ठशावरून एखादा सूक्ष्म कण चकतीवर येतो आणि काही टनांच्या दाबाखाली सोन्यात दाबला जातो. नवे नाणे निर्दोष दिसते. पुढे हवेतले गंधक आणि ओलावा त्या कणापर्यंत पोहोचतात आणि चांदीचे सल्फाइड किंवा तांब्याची संयुगे तयार होऊन आजूबाजूच्या सोन्यावर अतिपातळ पापुद्र्यासारखी पसरतात. अशा डागांमध्ये अनेकदा चांदी आणि गंधकच सापडले आहे, तरी व्यवहारात सगळे त्यांना ‘तांब्याचे डाग’ म्हणतात. पापुद्रा इतका पातळ असतो की त्याच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि जाडीप्रमाणे केशरी, लाल, जांभळा, निळा असे रंग दिसतात.

९९९.९ शुद्धतेवर याचा काय परिणाम होतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३१.१ ग्रॅमच्या नाण्यात या शुद्धतेला साधारण ३.१ मिलिग्रॅम इतर धातू चालतात. चांदीचा ०.०५ मिलिमीटर बाजूचा घनाकृती कण धरला तर त्याचे वजन जेमतेम १.३ मायक्रोग्रॅम भरते, म्हणजे चालणाऱ्या प्रमाणाच्या दोन हजाराव्या भागापेक्षाही कमी. डाग नजरेत भरतो, पण शुद्धतेच्या आकड्याला धक्का लावत नाही. तेव्हा २४ कॅरेटच्या नाण्यावर लाल ठिपका आहे एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही, आणि ठिपका आहे म्हणून खरेही ठरत नाही.

बोटाच्या ठशात भिंगाखाली रेषा स्पष्ट दिसतात. घामातील क्षार आणि आम्ले मिश्रधातूतील तांब्याशी संयोग पावतात. ताजा ठसा निघू शकतो, पण जुना ठसा धातूतच उमटलेला असतो. हिरवा थर असेल तर तो अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत साचलेला आणि ओलसर चमक असलेला दिसतो. खोलगट जागी नुसता काळा मळ असेल आणि आजूबाजूचा धातू ठणठणीत असेल, तर ती धूळ आणि तेल आहे. तिची काळजी करू नये.

५. वजन, माप आणि चुंबक

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा तराजू आणि प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर लागतो. पोलादी कॅलिपर वापरलाच तर जबड्यांत पातळ कागद धरावा, कारण २४ कॅरेटचे सोने कठीणपणाच्या मोह (Mohs) मापनात सुमारे २.५ एवढेच कठीण असते आणि ओरखडा कायमचा राहतो. एक औंसाच्या क्रुगरँडचे आणि ईगलचे एकूण वजन ३३.९३ ग्रॅम असून व्यास सुमारे ३२.७ मिलिमीटर असतो. मेपल लीफ ३१.१ ग्रॅम आणि ३० मिलिमीटर; फिलहार्मोनिक तेवढ्याच वजनाचे, पण ३७ मिलिमीटर रुंद आणि अवघे २ मिलिमीटर जाड; सॉव्हरिन ७.९९ ग्रॅम आणि २२.०५ मिलिमीटर. वजन बरोबर आणि जाडी जास्त, असे आढळले तर आत हलका धातू आहे. नुसते वजन करून समाधान मानू नये, ते याच कारणाने.

चुंबकाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. नाणे चुंबकाला चिकटले तर ते सोन्याचे नाही. चिकटले नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तांबे, पितळ, शिसे आणि टंगस्टनही चिकटत नाहीत.

६. घनता

मुलाम्याची शंका उरली असेल तर ही तपासणी करावी. प्रूफ नाणे, म्हणजे आरशासारख्या पृष्ठभागाचे नाणे, आणि सीलबंद कॅप्सूलमधले नाणे तिच्यासाठी बाहेर काढू नये.

तराजूवर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक नायलॉनचा दोरा बांधून ते पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा भिंतीला लागणार नाही असे पाण्यात लोंबकळत धरावे. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच हलवून घालवावेत. तराजूवर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. २४ कॅरेटच्या एक औंस नाण्यासाठी हा आकडा सुमारे १.६१ ग्रॅम यावा, म्हणजे घनता १९.३ च्या आसपास. क्रुगरँडसाठी सुमारे १.९३ ग्रॅम, म्हणजे घनता १७.६ च्या आसपास. ईगलची घनता चांदीमुळे किंचित जास्त, १७.८ च्या जवळ येते. चांदीची घनता १०.५ आणि शिशाची ११.३ असल्यामुळे त्यांच्यावर मुलामा दिलेले नाणे इथे सरळ उघडे पडते.

या चाचणीच्या दोन मर्यादा आहेत. दहावा औंस नाण्याने सारलेले पाणी ०.१६ ग्रॅमच असते, त्यामुळे तराजूची ०.०१ ग्रॅमची चूकही उत्तर सहा टक्क्यांनी हलवते. इतक्या लहान नाण्यांसाठी साध्या तराजूवर ही चाचणी करण्यात अर्थ नाही. दुसरे असे की टंगस्टनची घनता १९.२५ आहे आणि सोन्याची १९.३२. २४ कॅरेटच्या नाण्यात टंगस्टन भरलेले असेल तर घरातला तराजू ते ओळखणार नाही. सुदैवाने टंगस्टन फार कठीण आणि ठिसूळ असते, त्यामुळे अशा नाण्याचा उठाव आणि अक्षरे बहुधा बोथट दिसतात. पण ‘बहुधा’वर विसंबून निर्णय घेऊ नये.

७. ॲसिटोनमध्ये बुडवणे

आतापर्यंत पाण्याखेरीज नाण्याला काहीही लागलेले नाही. ही पायरी फक्त हिरवा किंवा धुरकट चिकट थर, ताजा बोटाचा ठसा आणि तेलकट मळ यांच्यासाठी आहे. लाल ठिपके, तपकिरी रंग आणि इंद्रधनुषी छटा यांच्यावर ॲसिटोनचा काहीही परिणाम होत नाही, कारण ते सेंद्रिय पदार्थ विरघळवते. सल्फाइड आणि ऑक्साइड विरघळवत नाही. त्यातच त्याची सुरक्षितता आहे, कारण सोने आणि तांबे या धातूंनाही ते हात लावत नाही.

ॲसिटोन शुद्ध हवे. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात तेल, रंग आणि सुगंध मिसळलेले असतात, आणि ते नाण्यावर नवा थर सोडतात. भांडे काचेचे घ्यावे. अनेक प्रकारचे प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळते आणि नाण्यालाच चिकटते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जवळपास ज्योत, शेगडी किंवा ठिणगी नसावी, कारण त्याची वाफ चटकन पेट घेते. ज्या नाण्यांवर रंगीत छपाई किंवा लाखेचा थर आहे, त्यांना ही पायरी पूर्ण वर्ज्य आहे.

नाणे काही मिनिटे बुडवून ठेवावे, भांडे हलकेच फिरवावे. पीव्हीसीचा थर असेल तर अक्षरांच्या कोपऱ्यांतून हिरवट धूसर रेघा सुटून द्रवात विरताना दिसतात. मग नाणे दुसऱ्या भांड्यातल्या ताज्या ॲसिटोनमध्ये बुडवावे. नाही तर पहिल्या भांड्यात विरघळलेला मळ द्रव उडून गेल्यावर पुन्हा पृष्ठभागावर बसतो. बाहेर काढून कडेवर उभे ठेवावे आणि आपोआप सुकू द्यावे. पुसू नये. कापसाच्या बोळ्याने, दात कोरण्याच्या काडीने किंवा मऊ ब्रशने ‘थोडेसेच’ घासण्याचा मोह होतो, आणि नाण्यांची सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते.

थर गेल्यावर खाली खरबरीत खड्डे दिसले, तर तांबे खाल्ले गेले आहे. ते भरून येत नाही. नुकसान पुढे वाढू न देणे एवढेच हाती असते.

काय करू नये

टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांच्यातले कण घासून पृष्ठभाग उतरवतात. लिंबाचा रस, व्हिनेगर आणि चांदी उजळवण्याचे तयार द्रव २२ कॅरेटच्या नाण्यावरील तांबे ओढून घेतात. नाणे काही काळ ‘चकाकते’, पण तो रंग फिका आणि निर्जीव असतो, आणि जाणकाराला लांबूनच कळतो. ब्लीचमधील क्लोरीन मिश्रधातू पोखरते. जखमेला लावायचे टिंक्चर आयोडीन तर खुद्द सोनेही विरघळवते. अल्ट्रासॉनिक यंत्रात नाणे तळावर थरथरत आपटते. ज्योतीने तापवून लाल ठिपका घालवता येतो हे खरे आहे, कारण सल्फाइड उष्णतेने मोडते. परंतु तापमान थोडे चुकले तर चमक जाते, २२ कॅरेटच्या नाण्यावर तांब्याची नवी काळपट साय येते, आणि प्रूफ नाणे कायमचे खराब होते. शिवाय दाबलेला कण तिथेच राहिला असेल तर काही काळाने डाग त्याच जागी परततो.

माझे मत विचाराल, तर गुंतवणुकीच्या नाण्यावरील लाल ठिपका आणि २२ कॅरेटच्या नाण्याचा एकसारखा तांबूसपणा यांना हात लावूच नये. सोन्याचे वजन आणि शुद्धता जशीच्या तशी असते. घासल्यावर मात्र वजन कमी होते, थोडेसेच असले तरी.

कुठे थांबावे आणि कोणाकडे जावे

पांढरा किंवा चंदेरी डाग असेल तर घरचे सगळे प्रयोग थांबवावेत. तो पाऱ्याचा असू शकतो. पारा सोन्याला लागताक्षणी त्याच्यात मुरतो, आणि फुटलेल्या थर्मामीटरचा एक थेंबही त्याला पुरतो. असे नाणे झाकणाच्या काचेच्या बाटलीत एकटे ठेवावे, कारण पारा शेजारच्या सोन्यालाही लागतो. ते कधीही तापवू नये. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि ती दिसत नाही, तिला वासही नसतो. हे काम धूर खेचून घेणारी सोय असलेल्या प्रयोगशाळेचे आहे. जुन्या सॉव्हरिनच्या कडेला राखाडी गाठ असेल, तर ते नाणे कधीतरी दागिन्यात बसवले असावे आणि ते डाखाचे अवशेष असावेत. त्यात धोका नाही, पण ते काढण्याचे कामही आपले नाही.

नाणे चुंबकाला चिकटले, जाडी किंवा घनता जुळली नाही, किंवा दोन धातूंमधली सीमारेषा दिसली, तर प्रश्न रंगाचा राहिलेला नाही. कस तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जावे आणि नुसत्या क्ष-किरण यंत्राच्या आकड्यावर समाधान मानू नये. ते यंत्र सोन्यात वरच्या काही मायक्रोमीटरपर्यंतच पाहते. जाड मुलामा असेल तर तेही शुद्ध सोने दाखवते. विद्युतवाहकता किंवा अल्ट्रासाउंडने आतपर्यंत तपासणी करून मागावी. कानस मारून किंवा कसोटीच्या दगडावर घासून तपासू देऊ नये.

प्रूफ नाणे, दर्जा ठरवून सीलबंद केलेले नाणे, किंवा जुन्या दुर्मीळ वर्षाचे नाणे असेल तर ॲसिटोनच्याही आधी थांबावे. अशा नाण्याची किंमत त्याच्या पृष्ठभागात असते. सीलबंद कॅप्सूल फोडली की दर्जाची हमीही संपते. अशा वेळी नाण्यांचे संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. दागिन्यांना पॉलिश करणारा माणूस आपल्या कामात कितीही निष्णात असला तरी त्याचे चाक उठाव बोथट करते. तज्ज्ञाला पहिले फोटो, जुने पाकीट आणि आतापर्यंत नाण्याला काय काय लागले त्याची खरी माहिती द्यावी. आधी काही लावून पाहिले असेल तर तेही सांगावे, कारण दोन रसायने एकावर एक आली की परिणाम वेगळा होतो.

डाग परत येऊ नये म्हणून

नाण्याच्या नेमक्या व्यासाची, ॲक्रिलिकची घट्ट बसणारी कॅप्सूल घ्यावी. फोमची रिंग टाळावी. पाकीटच हवे असेल तर पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचे घ्यावे. बंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे. रंग बदलणारी पुडी घेतली तर ती कधी बदलायची ते कळते. संपृक्त झालेली पुडी डब्यात पडून असली तर तिचा काही उपयोग नसतो. नाणे कॅप्सूलमध्ये ठेवताना आत श्वास जाऊ देऊ नये आणि त्याच्यावर वाकून बोलू नये. थुंकीचा न दिसणारा शिंतोडाही काही महिन्यांनी ठिपका होऊन वर येतो. डबा रबराची पादत्राणे, चामडे आणि रंगाचे डबे यांच्यापासून दूर असावा.

वर्षातून एकदा, कॅप्सूल न उघडता, पहिल्या फोटोच्याच जागी आणि त्याच वेळी नवा फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. ठिपका तेवढाच असेल तर डबा बंद करावा. वाढला असेल तर नाण्याला हात लावण्याआधी पुडी, रिंग आणि डब्याचे अस्तर पुन्हा तपासावे.